विश्रांती, दहापैकी नऊ

आप्पांचा स्मृतिदिन यंदा शनिवारी आला आणि आमच्या चर्चमधल्या वडीलपदाच्या, म्हणजे मंडळीच्या निवडून येणाऱ्या कारभारी ज्येष्ठाच्या, उमेदवारांचे कागद पुरे करण्याची शेवटची तारीखही तीच निघाली. यात मला देवाचा हात दिसला. तसा तो मला आधीही दोनदा दिसला होता, आणि दोन्ही वेळा मी निवडणुकीत सपाटून पडलो होतो. पहिल्या खेपेला एकतीस मतं कमी पडली, दुसऱ्या खेपेला अकरा. हा उतरता क्रम पाहता यंदा गणित माझ्या बाजूचं होतं.

आप्पा तेवीस वर्षं आमच्या मंडळीचे वडील होते. पुढून दुसऱ्या बाकावरची, खांबाजवळची त्यांची जागा आई अजून डोळ्यांनी राखून ठेवते. तिथे दुसरं कोणी बसलं की घरी आल्यावर ती जेवत नाही. मी अठ्ठावन्न वर्षांचा, होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारा माणूस. गुन्सानच्या बंदरात कुणाचा पंप बिघडला की लोकांना पहिलं माझं नाव आठवतं. मतपत्रिकेवर मात्र ते नाव समोर छापलेलं असूनही त्यांना दिसत नाही.

यंदा नवा नियम होता. उमेदवाराने ‘संतुलित आणि निरोगी ख्रिस्ती जीवनासाठी आत्मपरीक्षण’ हा कागद भरायचा, घरातल्या प्रत्येकाने आपापला भरायचा, आणि पाळकांनी घरी येऊन समोरासमोर सह्या घ्यायच्या. हा नियम समितीत मीच मांडला होता आणि कागदही मीच तयार केला होता. प्रार्थना, शास्त्रवाचन, शरीर, विश्रांती, कुटुंब, काम, मंडळीची सेवा आणि मनःशांती असे आठ रकाने, प्रत्येकाला दहा गुण. शेवटी एक ओळ: गेल्या महिन्यात तुम्हाला कशाने आनंद झाला? दर गुरुवारी मी मंडळीत हाच वर्ग घेतो. फळ्यावर आठ आऱ्यांचं चाक काढतो आणि सांगतो की एक आरा जरी आखूड राहिला तरी गाडी हिसके खाणार. हे सांगताना माझ्या खिशात रक्तदाबाची गोळी असते. सहा वर्षांत मी दुकानाला एक दिवस सुट्टी दिलेली नाही, पण वर्गात तो विषय निघत नाही, कारण विषय काढणारा मीच असतो.

कोरे कागद तीन आठवडे आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होते. माझी बायको इन्सुक रोज ‘भरते हो’ म्हणायची आणि फ्रिज उघडून कोबी काढायची. आईला बारीक अक्षर दिसत नाही. मुलगी बोराम सोलला नोकरी करते, ती फोनवर म्हणाली, “मला सगळीकडे शून्य द्या बाबा, म्हणजे चाकच नको आणि हिसकेही नकोत.” शेवटी बुधवारी पहाटेच्या प्रार्थनेहून आल्यावर मी चारही कागद पुढ्यात घेतले आणि भरून टाकले.

तीन वेगवेगळी पेनं वापरली. आईचा कागद भरताना हात मुद्दाम थरथरवला. स्वतःच्या बाबतीत नम्र राहिलो आणि विश्रांतीला चारच दिले, कारण न झोपणारा माणूस मतदारांना कष्टाळू वाटतो. इन्सुकला मात्र विश्रांतीला नऊ दिले. ज्याची बायको दमलेली आहे त्याला वडील कोण करणार? दुसऱ्याचं आत्मपरीक्षण आपण करतोय यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट घरच्यांना इतके सढळ हाताने गुण दिले याचंच समाधान वाटलं, आणि त्या समाधानाच्या भरात ‘कुटुंब’ या रकान्यात मी स्वतःचा एक गुण वाढवला.

गुरुवारी कागद कचेरीत देऊन आलो. आता फक्त सह्या उरल्या होत्या. स्मृतिदिनाचं जेवण झालं की माणसं सुस्तावतात आणि काही वाचत नाहीत, तेव्हा पटापट सह्या उरकायच्या, असा माझा बेत होता.

*

शनिवारी सकाळी इन्सुक स्वयंपाकघरात मुगाची धिरडी घालत होती आणि माझी धाकटी बहीण जोंगरान माशाचे तुकडे अंड्यात बुडवून तिच्या हाताशी देत होती. तिथे काय बोलणं झालं ते जोंगरानने मला नंतर तिखटमीठ लावून सांगितलं. तिखटमीठ काढून देतो.

“वहिनी, डाव्या हाताने का उलटतेस?”

“उजवा वर जात नाही.”

“म्हणजे किती वर?”

इन्सुकने उलथन्यासकट हात उचलून दाखवला. तो खांद्याशी येऊन थांबला.

“अगंबाई. कधीपासून?”

“किमची घातली तेव्हापासून.” म्हणजे नोव्हेंबरपासून. मंडळीसाठी हिवाळाभर मुरवून ठेवायची किमची, सहाशे कोबी.

“दादाला सांगितलंस?”

“एकदा सांगितलं. ते म्हणाले, शरीराचा आरा आखडलाय.”

जोंगरान हसली आणि मग तिला हसल्याची लाज वाटली. “रविवारचा स्वयंपाक तरी सोड आता.”

“सोडणारच आहे. एकोणीस वर्षं झाली. एकशे ऐंशी माणसांचं सूप, भात, भांडी. वर गीतं चाललेली ऐकू येतात, आणि प्रवचन सुरू झालं की आवाज नको म्हणून आम्ही नळ बंद करतो. माझी उपासना तेवढीच.” तिने धिरडं उलटलं. “पण निवडणूक होऊ दे. आत्ता सोडलं तर बायका म्हणतील, नवरा वडील व्हायच्या आधीच ही बाईसाहेब होऊन बसली.”

“पडला दादा तर पडला.”

“आईंना ह्यांना त्या बाकावर बघायचंय गं. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या.”

“मी तुझ्या बाजूने आहे हं,” जोंगरान म्हणाली. “काहीही झालं तरी.”

त्याच वेळी पलीकडच्या खोलीत आई बोरामला कपाटातला फिकट निळा झगा काढायला लावत होती. निवड झाल्यावर शपथेच्या दिवशी घालायचा म्हणून तिने तो गेल्या खेपेलाच शिवून घेतला होता.

“आजी, हा सैल होईल तुला. बारीक झालीस तू.”

“तीन वर्षं लटकलाय, तोच ताणला असेल,” आई म्हणाली. “तुझ्या बापाला यंदा मिळू दे, मग मी कुठेही जायला मोकळी. आणि तू तिकडे चर्चला जातेस ना नियमाने?”

“झगा इस्त्री करू का?” बोरामने विचारलं.

*

बाराला पाळक गिल आले. चव्वेचाळीस वर्षांचा शांत माणूस, खोटं बोलणाऱ्याचाही चेहरा पडू नये म्हणून जपणारा. आप्पांच्या फोटोपुढे पांढरी शेवंती ठेवली होती. आम्ही दोन गीतं म्हटली, पाळकांनी वचन वाचलं, आणि मी आप्पांच्या आठवणी सांगितल्या. आप्पा घराचा गाडा कसा एकहाती ओढत, हे सांगताना मी रुमाल काढून डोळे टिपले. इन्सुकने तेवढ्यात हळूच उठून गॅस बारीक केला.

मग बुटकी मेजं जोडून पानं मांडली. पाळक बसले, आई बसली, मी, बोराम आणि जोंगरान बसलो. इन्सुक सूप आणत होती.

“सेविकाबाई, तुम्हीही बसा ना,” पाळक म्हणाले.

“हो, हे एवढं देते आणि बसते.”

“तुमच्याशी बोलायचंच होतं. उमेदवारांच्या घरांतून सव्वीस कागद आले. विश्रांतीला नऊ गुण असलेला एकच, तुमचा. मी बायकोलाही दाखवला. म्हटलं बघ, एवढी कामं करून ही बाई विश्रांतीही सांभाळते. पुढच्या महिन्यात स्त्रियांच्या मेळाव्यात दहा मिनिटं बोलाल का?”

“कशावर?”

“विश्रांतीवर.”

इन्सुकच्या हातात माझं सूप होतं. ते तिने न सांडता माझ्यापुढे ठेवलं. “माझा कागद जरा दाखवता?” ती म्हणाली.

माणसं सुस्तावायला अजून तासभर होता. मी पाळकांना खेकड्याची चटणी पुढे केली, पण त्यांनी पिशवीतून कागद काढलेही होते. इन्सुकने हात पुसले आणि कागद लांब धरून वाचायला सुरुवात केली.

“अक्षर छान आलंय ह्यांचं,” ती म्हणाली.

ती पुढे वाचत गेली. “गेल्या महिन्यात कशाने आनंद झाला? पतीसोबत समुद्रकाठी निवांत फेरफटका.” तिने मान वर केली. “अहो, हे कधी झालं?”

“गेलो होतो की. दहा तारखेला. बंदरावर.”

“मंडळीसाठी खारवलेली कोळंबी आणायला गेलो होतो. दोन पिंपं.”

“पण समुद्र होता ना तिथे.”

जोंगरानला ठसका लागला. बोरामने आपला कागद ओढून घेतला होता. “‘दर रविवारी लहान मुलांना शास्त्र शिकवते.’ बाबा, मी ईस्टरनंतर चर्चची पायरी चढलेली नाही.”

“काय?” आई म्हणाली.

“काही नाही आजी. तू जेव.”

“माझ्या कागदावर काय लिहिलंय? वाच बघू.”

“विश्रांती दहा. मनःशांती दहा. आनंद कशाने झाला? पहाटे मुलाला प्रार्थनेला निघताना पाहून.”

“मी तेव्हा झोपलेली असते,” आई म्हणाली. मग तिने चमचा खाली ठेवला. “ह्याचे आप्पाही असंच करायचे. पाळक घरी यायचे, मला विचारायचे, तुम्ही बऱ्या आहात ना? आणि आप्पा सांगायचे, बरी आहे ती. मीही ऐकून घ्यायचे. म्हणायचे, बरी आहे म्हणे मी.”

मी चेष्टेने हसून पाहिलं, पण सोबतीला कुणी हसलं नाही. पाळकांनी विचारलं, “सेवक प्यो, चारही तुम्हीच भरलेत?” मला क्षणभर सुचलं की सांगावं, त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सुचलं हेही लिहून ठेवतो, कारण आत्मपरीक्षणाचा शिक्षक मीच आहे.

“हो,” मी म्हणालो.

“मग हे मला घेता येणार नाहीत.” पाळक थोडा वेळ आईकडे पाहत राहिले. तिचा चेहरा उतरला होता, आणि मी सांगितलंच की त्यांना ते बघवत नाही. “माझ्याकडे कोरे कागद आहेत. चारपर्यंत मी थांबतो. ज्याने त्याने आपला भरा. कमी गुणांनी कुणी बाद होत नाही. खोटं असेल तर होतं.”

घरात एकदम जीव आला. बोरामने आजीला विचारून विचारून तिचा कागद लिहिला. आईने विश्रांतीला आठ आणि मनःशांतीला ‘निकाल लागल्यावर सांगेन’ असं सांगितलं, तेव्हा तिथे पाच पडले. बोरामने मंडळीच्या सेवेत शून्य लिहून सही ठोकली आणि आजीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी माझ्या कागदावर कुटुंबाचे नवाचे चार केले, मग घाबरून पाच केले. दहा मिनिटांत तीन कागद तयार झाले. इन्सुकने पहिले तीन रकाने भरले होते. शरीराला तिने दोन दिले आणि खांद्याची गोष्ट पाळकांना दोन वाक्यांत सांगितली. मग विश्रांतीच्या रकान्यावर तिचं पेन थांबलं.

“वहिनी, पाच लिही,” जोंगरान म्हणाली. सकाळी काहीही झालं तरी तुझ्या बाजूने म्हणणारी तीच जोंगरान. “पाच कुणाला खुपत नाहीत.”

“सहा लिही,” आई म्हणाली. “पाच म्हणजे वाटेल आम्ही सुनेला राबवतो.”

“आई, एक लिही, खरं काय ते,” बोराम म्हणाली.

“सात,” मी म्हणालो. नवावरून सातावर आलो हा मला माझा मोठेपणा वाटला होता.

इन्सुकने पेन खाली ठेवलं. “मला खरंच माहीत नाही,” ती म्हणाली. “मघाशी वाटलं, शून्य लिहून टाकावं म्हणजे सगळ्यांना बसेल चपराक. पण तेही खरंय की नाही ते मला कळत नाहीये. पाळकसाहेब, मला कधी कुणी विचारलंच नाही हो. विचारलं असतं तर सवय तरी झाली असती. मी हा घरी ठेवून सावकाश भरला तर चालेल?”

“उद्याच्या पत्रकात नावं छापायची आहेत,” पाळक म्हणाले. “पाचला ते छापायला जातं. त्यात नाव नसेल तर मग पुढच्या खेपेला.”

“आकडा टाक गं एखादा,” आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “एक आकडा तर टाकायचाय. मी त्र्याऐंशीची आहे, इन्सुक. पुढच्या खेपेला मी असेन की नसेन. एवढं झालं की मी स्वतः तुला स्वयंपाकघरात जाऊ देणार नाही. झोपून राहा रविवारभर.”

“मला जमत असतं तर केलं असतं हो आई.” इन्सुकचे डोळे भरले होते. “तुमच्यासाठी केलं असतं.”

“वहिनी, एवढं काय त्यात,” जोंगरान म्हणाली, आणि बोरामसुद्धा, जी एक लिही म्हणत होती ती, हळूच म्हणाली, “आई, चार लिही ना. चार खोटं नाहीये.”

आता सगळं घर एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला होती. तिने पेन पुन्हा उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्हीच सांगा. किती टाकू?”

ती थट्टा करत नव्हती. मी जो आकडा सांगितला असता तो तिने लिहिला असता, खाली सही केली असती आणि उठून भाताचं बघायला गेली असती. एकतीस वर्षं आमचा संसार असाच चालला होता आणि मी त्याला संतुलन म्हणत होतो. मला भयंकर वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाही डोक्यात सहा की सात हा हिशेब चालूच होता, हे सांगायला हवं.

“राहू दे,” मी म्हणालो. “तिला वेळ लागेल.”

मोठ्या मनाने म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात हे शब्द बाहेर पडायला एवढा वेळ लागला की मेजावरची धिरडी गार झाली. आणि म्हणून झाल्यावर मी लगेच पाळकांकडे पाहिलं. एवढा त्याग बघून ते तारीख पुढे ढकलतील अशी मला आशा होती. त्यांनी आमचे भरलेले तीन कागद नीट जुळवून मला परत दिले आणि पेनाला टोपण लावलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. “तुझे आप्पा असं कधी म्हणाले नसते,” ती म्हणाली. हा ठपका होता की आणखी काही, ते मला अजून समजलेलं नाही. विचारायचं धाडसही झालेलं नाही.

“पुढची निवडणूक किती वर्षांनी?” इन्सुकने पाळकांना विचारलं.

“तीन.”

“मग तोवर भरते.”

तिने कागदाची घडी करून खिशात ठेवली, दुखरा हात मांडीवर घेतला आणि भिंतीला पाठ टेकली. पाळकांचं सूप संपलं होतं, आईचा भात संपत आला होता, माझी वाटी तर केव्हाच रिकामी होती. सवयीने आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.